नंद्या, सालसा सोडण्याआधी

पुणे,
रविवार रात्र

प्रिय नंद्या,

"माझं अंगच नाचायचं नाही, पुढच्या महिन्याची फी भरत नाही," हा तुझा मेसेज वाचला. फोन केला असता तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

बॅचमधल्या मुली भराभर पुढे गेल्या आणि तू तिथेच राहिलास, असं तुला वाटतंय. अरे, सुरुवातीला तसंच होतं. लीड करणाऱ्याच्या, म्हणजे तुझ्यासारख्या जोडी चालवणाऱ्याच्या, डोक्यावर एकाच वेळी किती काय असतं! ताल धरायचा, स्वतःचे पाय सांभाळायचे, पुढचं ठरवायचं, ते वेळेवर पार्टनरच्या हातापर्यंत पोचवायचं, वर मागून कुणी धडकत नाही ना तेही बघायचं. आम्हा फॉलो करणाऱ्यांची कसोटी नंतर लागते, आणि चांगली लागते. तेव्हा आत्ताच त्यांच्याशी तुलना करून स्वतःला नापास करू नकोस.

आणि ताल नाही म्हणतोस? गणपतीच्या मिरवणुकीत तासन्‌तास ताशा वाजवणारा तू? कान तयारच आहे तुझा, फक्त वाद्यं नवीन आहेत. आपण एक-दोन-तीन, पाच-सहा-सात अशी पावलं टाकतो; चार आणि आठला थांबतो. कोंगा, म्हणजे हातानं वाजवायचा तो उंच ढोल, नेमका तिथेच बोलतो. चारला आणि आठला त्याचे दोन घुमणारे ठोके जोडीनं पडतात. ते संपले की पुढचा ठोका तुझ्या पावलाचा, पाच नाहीतर एक. ऑफिसला जाताना फक्त तेवढंच शोधत गाणी ऐक. सर मोजतात म्हणून पाऊल टाकायची सवय लागली, तर सोशलमध्ये, म्हणजे क्लासबाहेरच्या नाचाच्या पार्टीत, पंचाईत होते.

आता पार्टनर म्हणून सांगते. परक्या मुलीचा हात धरताना तू इतका संकोचतोस की हात लुळा पडतो. त्यामागचा आदर मला कळतो, आपण वाढलोच तसे. पण लुळ्या हातातून मला काहीच समजत नाही, आणि मग ऐनवेळी तू ओढतोस. बोटं आकड्यासारखी वळव, माझी त्यांत अडकू देत, अंगठ्यानं दाबू नकोस. कोपर अंगाच्या जरा पुढे ठेव. मला उजवीकडे वळवायचं असेल तर तीनलाच हात वर न्यायला लाग, म्हणजे पाचला मी निवांत वळते. आणि पावलं छोटी टाक रे! निम्मी धांदल तिथेच कमी होईल.

तुला किती फिगर, म्हणजे बसवलेल्या स्टेपा, येतात हे आम्ही मोजत नाही. बेसिक, राइट टर्न आणि क्रॉस बॉडी लीड (पार्टनरला आपल्यासमोरून पलीकडे नेणं) एवढ्यावर अख्खं गाणं छान निघतं. ज्याच्याबरोबर खांद्याला हिसका बसत नाही आणि जो गडबडला तरी हसून बेसिकवर येतो, त्याला मी दरवेळी हो म्हणते. स्टेपांचा मारा करणाऱ्याला नाही.

फ्रँकी मॅनिंग माहीत आहे का? न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूमचा, लिंडी हॉप या जोडीनं करायच्या अमेरिकन नाचातला केवढा मोठा नर्तक. 1935 मध्ये त्यानं पार्टनरला हवेत उचलून फिरवलं, आणि त्या नाचाला नवीच दिशा मिळाली. लहानपणी त्याला त्याच्या आईनंच सांगितलं होतं, तू फार ताठ आहेस म्हणून. पुढे तो कित्येक वर्षं टपाल खात्यात नोकरी करत होता, आणि सत्तरीच्या घरात पुन्हा शिकवायला लागला. तू तर अजून पस्तिशीतही नाहीस.

शनिवारी सोशलला ये, जरा लवकरच. तेव्हा फ्लोअर मोकळा असतो आणि बघायला कुणी नसतं. सुरुवात माझ्याबरोबर एखाद्या संथ बचातानं करू, तोही सालसासारखाच जोडीचा लॅटिन नाच. चौथ्या ठोक्याला नुसता टॅप, दम घ्यायला वेळ मिळतो. मग एक सालसा. मग तू स्वतः जाऊन कुणाला तरी विचारायचंस, मी शेजारी उभी राहीन.

ते रबरी सोलचे स्पोर्ट्स शूज मात्र आणू नकोस. जमिनीला चिकटतात आणि वळताना गुडघा पिळतो. भावाच्या लग्नात घातलेले चामड्याच्या तळाचे बूट काढ. फीचं त्यानंतर ठरव.

तुझी,
रेवा