बांधापलीकडच्या आजोबांना, गेल्या दसऱ्याबद्दल

आदरणीय आजोबा,
सा. न. वि. वि.

'आजोबा' ही हाक तुम्ही कधी ऐकलेली नाही. समोर असताना मी तुम्हाला आडनावानंच बोलावते, घरात मात्र तुम्ही पहिल्यापासून 'बांधापलीकडचे आजोबा'. पत्र मराठीत लिहितेय, कारण आभार मानायची वेळ आली की माझं इंग्रजी 'थँक यू सो मच'च्या पुढं सरकत नाही. लेक तुम्हाला इंग्रजीत करून वाचून दाखवणार आहे. वाचताना ती कुठं अडखळली तर समजा, तिथं तिच्याबद्दल काहीतरी लिहिलेलं आहे आणि ती ते गाळायला बघतेय.

पत्र उघड लिहितेय त्यालाही कारण आहे. दिवाळीच्या जेवणात एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच बारा वर्षांच्या पोरीला हरणाच्या शिकारीला नेलंस?" मी "हो" म्हटलं आणि गप्प बसले. सगळं सांगायला तिथं जागा नव्हती, इथं आहे.

सुरुवात शिकारीपासून नाही झाली. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात, संध्याकाळी साडेपाचलाच काळोख झालेला, डॉजविलहून घरी येताना माझ्या गाडीखाली हरणी आली. अमेरिकेच्या या विस्कॉन्सिन राज्यात हे कुणालाही होतं, नोव्हेंबरात तर फारच, कारण तो त्यांचा माजाचा काळ आणि नर माद्यांना रस्त्यांवरून पळवत असतात. पण ती मेली नाही. मागचे पाय गेलेले, पुढच्या दोन पायांवर उठायला बघत होती. मी स्टिअरिंग धरून रडत होते आणि लेक मागच्या सीटवरून सगळं बघत होती. तुमचा पिकअप मागून आला. तुम्ही फोन केलात, शेरीफच्या खात्यातला माणूस येईपर्यंत लेकीला घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलात आणि तिला एकेक गोष्ट हळू आवाजात सांगत राहिलात: आता तो काय करील, आवाज किती मोठा येईल, त्यानंतर पाय थोडा वेळ का हलतील. मी तिला "बघू नको" एवढंच म्हणत होते. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, त्यांना माहीत होतं काय करायचं. तुला नव्हतं." हे मला लागलं, अजूनही लागतं.

मार्चमध्ये तिनं तुम्हाला विचारलं, "मला शिकवाल?" तुम्ही हो म्हणाल असं मी गृहीत धरलं होतं, कारण इथं ते सोपं आहे. अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर असेल तर शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स न करताही मुलाला शिकारीला नेता येतं आणि 2017पासून त्याला वयाची अटही नाही. तुम्ही नाही म्हणालात. "आधी कोर्स. आणि आईनंही करायचा." मी म्हटलं, मला बंदूक चालवायची नाही. तुम्ही म्हणालात, "चालवू नका. पण मचाणावर तिच्याशेजारी कोण बसणार आहे?"

मला वाटलं होतं, तुम्ही.

तर त्या वर्गात मी बसले. बाकी सगळी दहा ते चौदाची पोरं, मागच्या रांगेत त्यांचे बाप टोप्या घालून, आणि मध्ये मी, वही-पेन घेऊन. टॅब-के, म्हणजे बंदुकीच्या चार इंग्रजी नियमांची आद्याक्षरं, हा मंत्र आम्ही दोघींनी पाढ्यासारखा पाठ केला. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला, नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री, नि उडवायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. लेक आजही स्वयंपाकघरात सुरी घेऊन फिरताना "नळीचं तोंड!" म्हणून माझ्यावर खेकसते.

उन्हाळाभर तुमच्या कुरणात कागदी ताटल्या टांगून सराव झाला. आधी पॉइंट ट्वेंटी-टू, मग हलकी टू-फोर्टी-थ्री रायफल, तिच्या खांद्याला सोसेल अशी. तिच्या गोळ्या सारख्या डावीकडे का जातात हे मला कधीच कळलं नसतं. तुम्ही तिला दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून लांबच्या खांबाकडे बघायला लावलंत, मग एकेक डोळा मिटायला. हात उजवा पण डोळा डावा बलवान, हे एका मिनिटात सापडलं. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावलात. इतकी साधी युक्ती. मी मात्र तोवर तिला "लक्ष दे, लक्ष दे" म्हणून ओरडत होते.

आणि मग तो योग. 2024चा मुलांचा शिकारीचा शनिवार-रविवार 12 आणि 13 ऑक्टोबरला आला, आणि 12 ऑक्टोबरला दसरा. मी कोल्हापूरची. आमच्याकडं दसरा म्हणजे दसरा चौकातला शाही सोहळा, शमीपूजन आणि सोनं लुटायला उडालेली झुंबड. घरी आजोबांची जुनी तलवार आणि स्वयंपाकघरातली विळी एकाच पाटावर बसायची, दोघींना सारखीच हळदकुंकवाची बोटं. त्यामुळं आदल्या रात्री तुम्ही रायफल आणून दिलीत तेव्हा मला राहवलं नाही. तुमचा चेहरा आठवतोय. पोलादाला ओली हळद लागताना बघून तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त खिशातून तेलाचं फडकं काढून हातात धरून उभे राहिलात. शेवटी आपलं ठरलं की कुंकू लाकडी दस्त्यावर, झेंडू वरून, आणि नळीला फक्त तेल. पूजेच्या शास्त्रात बसतं की नाही कोण जाणे, पण गंज नाही चढला.

पहाटे सव्वापाचला सीमोल्लंघन झालं ते तुमच्या काटेरी तारेवरून. रायफल रिकामी, आधी एकीनं पलीकडे जायचं, मग दुसरीनं, बंदूक हातात घेऊन कुणीच तार ओलांडायची नाही. अंगात भडक केशरी जॅकेटं, कारण कमरेवरचे निम्मे कपडे तरी त्या रंगाचे असावे लागतात. दसऱ्याला भगवं, ठीकच म्हणायचं. आकाश स्वच्छ होतं. दक्षिणेला मृग नक्षत्र उभं, त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली डावीकडे व्याध, ज्यानं तो मारला. मी लेकीला दाखवलं. ती वर बघून म्हणाली, "नेम जरा मागं लागलाय." तुमच्या तालमीचा परिणाम.

मचाणाच्या शिडीशी पोचल्यावर तुम्ही सुरक्षेचे पट्टे तपासलेत, आमचे दोघींचे, आणि मागं वळलात. मी घाबरून विचारलं, "तुम्ही?" तुम्ही गुडघ्यावर हात ठेवलात. गुडघा दुखतो हे खरं. पण त्याच गुडघ्यानं तुम्ही नोव्हेंबरात नऊ दिवस मचाण चढता हेही मला माहीत आहे.

त्या सकाळी काय घडलं ते तुम्हाला मी नीट सांगितलेलं नाही. साडेसातच्या सुमारास एक मादी आणि तिची दोन पाडसं अल्फाल्फाच्या शेतात आली. साठ पावलांवर. टॅग, म्हणजे मादी मारायचा परवाना, होता, अंतर होतं, पोरीचा श्वास जोरात चाललेला. मीच आतून "मार, मार" म्हणत होते, आणि मला स्वतःचीच भीती वाटली. तिनं रायफल खाली केली आणि माझ्या कानात म्हणाली, "मागं रस्ता आहे." मी रस्ता पाहिलाच नव्हता. मी हरणी बघत होते.

त्या रात्री तुमच्या टेबलावर मी शिवरात्रीची गोष्ट सांगितली. बेलाच्या झाडावर रात्रभर बसलेला व्याध, खाली पाण्यावर येणारी हरणी, "मुलांना भेटून येते" म्हणून मागितलेली मुदत, शब्द पाळून परत आलेलं सगळं कुटुंब, आणि व्याधानं खाली ठेवलेला बाण. आमच्याकडं ही दयेची गोष्ट म्हणून सांगतात. तुम्ही सगळी ऐकून घेतलीत आणि म्हणालात, "त्याच्याकडे मादीचा टॅग नसेल." मी इतकी हसले की ताक सांडलं. नंतर घरी येताना लेक विचारत होती, "मग त्याची मुलं त्या दिवशी काय जेवली?" याचं उत्तर मला आजीनंही कधी दिलं नव्हतं.

रविवारची गोळी सात चाळीसला सुटली. एकटी मादी, आडवी उभी, मागं चढण. पुढच्या पायामागं नेम. ती उडाली, शेपूट खाली घालून ओढ्याकडं पळाली आणि दिसेनाशी झाली. लेक म्हणाली, "चुकलं." मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "अर्धा तास खाली उतरू नका. चहा आणलाय ना? प्या." थर्मासमधला आल्याचा चहा आम्ही प्यायलो. आयुष्यातला सगळ्यात लांब चहा. घाई केली असती तर जखमी जनावर उठून मैलभर गेलं असतं, हे तुम्ही नंतर समजावलंत.

खाली रक्त सापडलं, गुलाबी, फेसाळ. म्हणजे फुप्फुस. गडद असतं तर यकृत, हिरवट घाण असती तर पोट, आणि मग कित्येक तास थांबणं. हे सगळं वर्गात शिकलो होतो, पण वाळक्या पाचोळ्यावर चाळीस पावलांनंतर माग संपला. मी पुढं पुढं धावत सुटले आणि सगळं तुडवून ठेवलं. तुम्ही आलात, मला हाताला धरून मागं नेलंत, शेवटच्या थेंबाशी टिश्यू कागदाचा तुकडा ठेवलात आणि लेकीला गुडघ्यावर बसवलंत. एक थेंब, एक कागद. सव्वा तास. एकदा मीच म्हटलं, "राहू दे आता, नाही सापडत." तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाहीत, तिला म्हणालात, "आपण तिला गोळी घातली. आपण तिला शोधायचं." कागदांची ओळ मागं वळून पाहिली तेव्हा दिशा कळली. ओढ्यापलीकडच्या सीडरच्या झाडाखाली ती पडली होती, शंभरेक पावलांवरच.

मला वाटलं होतं, तुम्ही पोरीची पाठ थोपटाल, फोटो काढाल. तुम्ही टोपी काढलीत आणि बाजूला जाऊन उभे राहिलात. ती रडली तेवढं रडू दिलंत. मग सुरी माझ्या हातात दिलीत. कोल्हापुरात वाढलेली मी, "अर्धा किलो द्या, चरबी नको" एवढं सांगून मटण घरी आणणारी. आणि गरम पोटात कोपरापर्यंत हात. तुम्ही पाय धरून ठेवलात आणि इतकंच सांगत राहिलात, "पातं वर, हळू, पोटाची पिशवी फोडू नका." लेकीनं काळीज हातात घेऊन गोळी कुठून गेली ते पाहिलं.

तिकडं भारतात 1972च्या कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं असं मी अजूनही म्हणते. कोल्हापूरच्या महाराजांनी काळविटांमागं सोडायला चित्ते पाळले होते. आज तिथले मूळचे चित्तेही गेले आणि काळवीटही थोडे राहिलेत. तिथं उरलेलं जपायचं आहे. इथं तुमच्या टेकड्यांवर हरणं इतकी आहेत की ओकची रोपं वर येईनात. दोन्ही खरं आहे, आणि दिवाळीच्या ताटावर मला हेच सांगता आलं नाही.

त्या हरणीचं डोकं तुम्ही तपासणीच्या पेटीत टाकायला लावलंत, तो फॉर्मही तिच्याकडूनच भरून घेतलात. 2002मध्ये तुमच्या या भागातच, माउंट होरेबच्या आसपास, हरणांचा तो झिजवणारा रोग विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडला. जंतू नाही, विषाणू नाही, बिघडलेलं प्रथिन; शिजवून मरत नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित मांस खाऊ नका असंच सांगतात. दोन आठवडे पाकिटं फ्रीझरमध्ये बंद होती. निकाल 'आढळला नाही' असा आला तेव्हा पोरगी शाळेच्या बसमधून उतरून आधी तुमच्याकडं पळाली, मग घरी. मला त्याचं जरा वाईट वाटलं होतं, हे आता सांगते.

तांबड्या रश्श्याला हे मांस जमेल का याची मला शंका होती, चरबी अजिबात नाही. मग खोबरं आणि तीळ वाढवले, दही लावून रात्रभर ठेवलं. माझ्या शाकाहारी नवऱ्यानं भाकऱ्या थापल्या, तेवढाच त्याचा सहभाग. तुम्ही तीन वाट्या घेतल्यात आणि डोळे पुसत म्हणालात की सर्दी झालीय.

आणि मग तुमचा नोव्हेंबरचा नर. शिंगांचा एवढा पसारा, दिसायला धडधाकट. त्याचा निकाल बाधित आला हे तुम्ही आम्हाला सांगितलंही नाहीत. कचऱ्याच्या पेटीकडं पाकिटं नेताना लेकीनं तुम्हाला पाहिलं म्हणून कळलं. ती तुमच्याबरोबर गेली, निम्मी पाकिटं तिनं उचलली. घरी येऊन तिनं आमचा फ्रीझर उघडला आणि मोजायला बसली.

सहा पाकिटं आज तुमच्या ओसरीवर ठेवलीत, बर्फाच्या पेटीत. तुम्ही "नको, लेकीचं पहिलं हरीण आहे" म्हणणार, म्हणून दार न वाजवता आले. दोन मागच्या पायांची, तीन खिम्याची, एक पाठीच्या मांसाचं. बाजूला बाटली आहे, तिच्यात मी केलेला कांदा-लसूण मसाला. झाकणावर लेकीनं इंग्रजीत 'अर्धाच चमचा' लिहिलंय. ते खरं माना.

आपली,
बांधाअलीकडची