शाल-श्रीफळापेक्षा काम द्या

संपादक महोदय,

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी गावोगावी शाल-श्रीफळ देऊन आम्हा म्हाताऱ्यांचे सत्कार होतात. त्यामागचा आदर खरा असतो, पण दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पडवीत येऊन बसतो. मुलं-सुना मुंबईला, घरात दोघंच, नाहीतर एकटं. आमच्या गुहागर तालुक्यात अशी घरं वाडीवाडीला आहेत.

मी निवृत्त पोस्टमन. मंगळवारी आणि शुक्रवारी पाखाडी उतरून जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो, तिसरी-चौथीच्या मुलांकडून मोठ्यानं वाचून घेतो. त्या दिवशी दुपारची गुंगी येत नाही, रात्री झोप चांगली लागते. एखाद्या वेळी गेलो नाही तर पोरं रस्त्यात अडवून विचारतात, "आजोबा, काल का नाय आलात?" असं विचारणारं कोणी असणं या वयात फार मोठं आहे.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात साठीपुढच्या माणसांना आठवड्याला १५ तास सरकारी प्राथमिक शाळांत असंच काम दिलं गेलं. कोणी जायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, त्यामुळे मुळात धडधाकट होते तेच गेले, असं म्हणायला जागा नाही. त्यांतल्या काहींच्या मेंदूची तपासणी झाली. आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग वयाबरोबर आकसतो. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये तो दोन वर्षांत किंचित वाढलेला आढळला. २०२० साली अमेरिकेतल्याच पन्नाशीपुढच्या सुमारे १३ हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला १०० तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन तास, सेवा करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा आणि हालचाल मंदावण्याचा धोका कमी दिसला. मधुमेह, पक्षाघात यांत मात्र फरक दिसला नाही, तेव्हा गोळ्या कोणी बंद करू नयेत.

कामं गावातच आहेत. निवृत्त परिचारिका उपकेंद्रात रक्तदाब तपासू शकतात. कासवं अंडी घालायला येतात त्या दिवसांत पहाटे किनारा चालून बघावा लागतो. जुन्या कोळ्याइतकी ती वाळू कोण ओळखतो? गुडघे धरलेल्यांना कोणीतरी मोटारसायकलवरून आणावं.

मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना विनंती, की जूनमध्ये शाळा उघडताच गावातल्या ज्येष्ठांची यादी करा, घरी जाऊन विचारा आणि ज्याला जे झेपेल त्याचा वार नि वेळ ठरवून द्या.

– एक निवृत्त पोस्टमन, ता. गुहागर, जि. रत्नागिरी