डोंगरवाटेच्या पाटीवर 'मध्यम' एवढंच लिहू नका

माननीय पर्यटनमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

डोंगरवाटेच्या तोंडाशी पुष्कळदा एकच पाटी असते: '6 किलोमीटर, मध्यम'. आई-वडिलांना आणि लहान मुलांना घेऊन आलेल्या माणसानं यावरून काय ठरवायचं? मध्यम म्हणजे नेमकं कोणासाठी?

नुसतं अंतर फसवं असतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला. दर 5 किलोमीटरला एक तास धरायचा आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे सपाटीवरचे 6 किलोमीटर सव्वा तासात होतात, पण त्यातच 600 मीटर चढ असेल तर सव्वादोन तास लागतात. हा हिशोब धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या दिशादर्शक पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहितात, ते मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण माझं खरं मागणं पुढचं आहे. दमछाक आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका शब्दात कोंबू नयेत. लांबलचक पण रुंद, मळलेली वाट दमवते, घाबरवत नाही. उलट तासाभराच्या वाटेवर दहा पावलांचा कातळटप्पा असेल, एका बाजूला दरी असेल, तर दृष्टिभय असणारा, म्हणजे खोल दरी पाहून घाबरणारा, माणूस तिथंच अडकतो. पुढे जाता येत नाही, मागे फिरायचीही भीती वाटते. म्हणून श्रेणी वाटेच्या सरासरीवरून नव्हे, सर्वांत अवघड जागेवरून ठरवा. ती जागा कुठे येते आणि तिच्याआधी परत कुठून फिरता येईल, हेही पाटीवर हवं. उताराचाही उल्लेख करा. गुडघे दुखणाऱ्यांना चढापेक्षा घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या माती-दगडांचा, उतारच जास्त छळतो.

स्वित्झर्लंडमध्ये साध्या वाटांना पिवळी खूण, डोंगरी वाटांना पांढरी-लाल-पांढरी आणि जिथं हातांचा आधार घेऊन चढावं लागू शकतं अशा वाटांना पांढरी-निळी-पांढरी खूण असते. ऑस्ट्रेलियात वाटांच्या पाच श्रेणी आहेत. पहिलीत पायऱ्या नाहीत, उभा चढ नाही आणि सोबतीला कोणी असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही जाता येतं.

देखणेपण मात्र कठीण वाटांसाठी राखून ठेवू नका, महोदय. ऑस्ट्रेलियाच्याच टास्मानिया बेटावरच्या क्रेडल माउंटन या डोंगराच्या माथ्यावर जायचं तर मोठमोठ्या शिळांवरून हातापायांनी चढावं लागतं. त्याच डोंगराच्या पायथ्याशी डव्ह सरोवराला वळसा घालणारी सुमारे 6 किलोमीटरची वाट आहे. तिथून तो अख्खा डोंगर समोर दिसतो. माथ्यावर न गेलेला माणूस काही कमी पाहून परतत नाही. प्रत्येक देखण्या डोंगराला अशी एक सोपी, पूर्ण वाट हवी. कठीण वाटेचा पहिला तुकडा तोडून 'सोपी वाट' म्हणून देऊ नये.

श्रेणी ठरवताना फक्त कसलेल्या ट्रेकर्सना विचारू नका. त्यांना सगळंच सोपं वाटतं. त्यांच्याबरोबर साठी ओलांडलेली माणसं, मुलं आणि पहिल्यांदाच डोंगरात येणारी मंडळी चालू देत. पावसानंतर दगड निसरडे होतात, ओढे भरतात, त्यामुळे पावसाळ्यासाठी श्रेणी वेगळी लिहावी. दरड कोसळून वाट बदलली, तर पाटीही त्याच आठवड्यात बदलावी. हे काम कोणाचं, हे आपल्या आदेशात स्पष्ट नमूद व्हावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
डोंगरवाटांवर चालणारा एक नागरिक