एका माणसाचे गाव आणि त्याचे आकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील मोनोवाय या एका माणसाच्या गावाविषयी मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून मजकूर येतो आणि बहुधा तो अजब बातमी म्हणूनच छापला जातो. 2011 च्या जनगणनेत प्रगणक म्हणून दारोदार फिरलेला मी एक निवृत्त शिक्षक आहे. कुलूप लागलेल्या घरासमोर ‘राहणारे : शून्य’ असे लिहिताना हात कसा अडखळतो हे अनुभवलेले असल्यामुळे मला त्या बातमीची गंमत वाटत नाही.

1902 मध्ये रेल्वे आली म्हणून वसलेल्या या गावात 1930 च्या जनगणनेत 123 माणसे होती. पुढे शेती यंत्रांवर गेली, थोड्या कुटुंबांच्या हाती मोठमोठी शेते आली आणि तरुण पोटापाण्यासाठी शहरांकडे गेले; 1967 मध्ये टपाल कार्यालय बंद झाले, मागोमाग शाळाही गेली. 2000 साली एक जोडपे तेवढे उरले आणि 2004 मध्ये पती वारल्यावर बाई एकट्या राहिल्या. हे एकट्या मोनोवायचे दैव नव्हे. ज्या बॉइड काउंटीत ते आहे, तिची लोकसंख्या 1910 मध्ये आठ हजारांवर होती. 2020 मध्ये ती 1,810 भरली.

या बाई गावाच्या महापौर, कारकून आणि खजिनदार आहेत; उपाहारगृह चालवतात, पतीने जमवलेल्या सुमारे पाच हजार पुस्तकांचे वाचनालय सांभाळतात आणि रस्त्यावरचे दिवे चालू राहावेत म्हणून स्वतःच कर आकारून तो स्वतःच भरतात. ओस पडलेल्या गावाला आपल्याकडे ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे. मोनोवाय अजून बेचिराग झालेले नाही, ते या करामुळे.

2020 च्या जनगणनेत मात्र याच गावाची लोकसंख्या 2 अशी प्रसिद्ध झाली. दुसरे कोणी तिथे राहायला आले नव्हते. कोणा एका व्यक्तीची माहिती उघड होऊ नये म्हणून अमेरिकेच्या जनगणना विभागाने लहान वस्त्यांच्या आकड्यांत जाणूनबुजून किंचित फेरफार केला होता. राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली होती. हेतू रास्त आहे, कारण जिथे एकच माणूस राहतो तिथे गावाचे सरासरी वय आणि उत्पन्न म्हणजे त्या माणसाचेच वय आणि उत्पन्न. परंतु अशा गावाचा छापील आकडा ही नियमावली न सांगता वाचकांपुढे ठेवला, तर तो दिशाभूलच करतो.

2011 मध्ये महाराष्ट्रातील 43,665 गावांपैकी 2,706 गावे निर्जन होती. 2027 च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे हाती येतील, तेव्हा ते कसे मोजले याची माहिती आपण सोबत छापावी आणि रिकाम्या झालेल्या एखाद्या गावी बातमीदार पाठवून तिथली शेवटची शाळा कधी आणि का बंद झाली तेही लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, सातारा