क्षारपडीत रोपं नंतर द्या, आधी ओढे मोकळे करा

प्रति,
मा. मंत्री, रोजगार हमी, फलोत्पादन व खारभूमी विकास,
महाराष्ट्र राज्य

मंत्री महोदय, सप्रेम नमस्कार.

तिन्ही खाती एकाच टेबलावर आहेत, म्हणून हे पत्र तुम्हालाच. खारभूमी म्हटलं की मंत्रालयाला कोकणातले बांध आठवतात. 1979 चा कायदाही भरतीचं पाणी शेतात शिरू नये यासाठीच झाला. आमच्या मिरज-वाळवा-शिरोळ पट्ट्यात समुद्र नाही. इथलं मीठ उसाला मोकाट पाणी पाजून आम्हीच वर आणलंय. काळी भारी जमीन, उपशाचं बारमाही पाणी आणि बुजलेले ओढे. पाणी वर चढलं, उन्हानं उडालं, क्षार मागं राहिले. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यानं जाताना पांढरी फुटलेली रानं दिसतील.

ऊस येईनासा झाला की सल्ला मिळतो, फळबाग लावा. सल्ला वाईट नाही. पण आंबा, लिंबू, केळीच्या पानांच्या कडा अशा जमिनीत करपून जातात. बोर, चिकू, चिंच, आवळा बराच क्षार सोसतात. पण क्षार सोसणारं झाड तुंबलेलं पाणीही सोसेलच असं नाही. उत्तर प्रदेशात प्रतापगडच्या ऊसर, म्हणजे क्षारांनी नापीक झालेल्या जमिनीत आवळ्याच्या बागा उभ्या आहेत. त्याच आवळ्याच्या मुळाशी पाणी साचू द्या, मान टाकतो.

शेजारच्या रानात फळबागेसाठी खड्डा काढला तेव्हा मी काठावर उभा होतो. वरची वीतभर माती कोरडी, भुसभुशीत. गुडघाभर खाली गेल्यावर कुदळीला राखाडी चिकण माती चिकटायला लागली, कुबट वासाची. कमरेइतका खड्डा व्हायच्या आत कडांतून पाणी पाझरू लागलं आणि चहा घेऊन येईपर्यंत तळ भरला. चाखलं तर मचूळ. याच रानाचा माती अहवाल मात्र झकास होता, कारण नमुना त्या वरच्या वीतभर मातीचा! उसाला ते एक वेळ चालेल. पंचवीस वर्षं उभ्या राहणाऱ्या झाडासाठी दर फुटाला वेगळा नमुना, असा तीन फुटांपर्यंत घ्यायला हवा. अहवालावर जमीन क्षारयुक्त की चोपण (सोडियमनं बिघडलेली) तेही स्पष्ट लिहा. विद्युत वाहकता (क्षाराचं माप) 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) 8.5 च्या आत असेल तर क्षारयुक्त, सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. जिप्सम चोपणीचं औषध आहे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीतलं मीठ गोड्या पाण्यानं धुऊन निचऱ्यानं बाहेर काढावं लागतं. तिथं जिप्समची पोती ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आता योजनेचं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान 50, 30, 20 टक्के असं तीन वर्षांत मिळतं, आणि पुढच्या हप्त्यांसाठी बागायतीत 90 टक्के झाडं जगलेली लागतात. माळाच्या निचऱ्याच्या जमिनीला ही अट रास्त आहे. क्षारपडीत पहिल्या दोन वर्षांत मर होणारच. नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावायला, दुसरं वर्ष द्या आणि मोजणी त्यानंतर करा. नाहीतर शेतकरी पहिला हप्ता घेतो आणि तिसऱ्या वर्षी त्या रानात पुन्हा ऊस दिसतो.

दुसरी अडचण तयार कलमांची. तासगावचा द्राक्षवाला डॉगरिजचा खुंट आधी रानात लावतो, तो रुजला की त्यावर हव्या त्या जातीची काडी भरतो. बोरालाही हेच लागू. गावठी बोराची बी जागेवर टोकायची, सोटमूळ सरळ खाली गेलं की उमराण जातीच्या बोराचा डोळा भरायचा. पिशवीत मूळ गुंडाळलेल्या कलमापेक्षा हे झाड चिवट निघतं. पण कागदावर कलमाच्या खरेदीची पावती लागते आणि बी टोकल्याची पावती कोण देणार? या पद्धतीला अनुदानात जागा करा.

मधूनच कुणीतरी खजुराची टूम काढतं. क्षार सोसण्यात खजुराचा हात कुणी धरणार नाही, कच्छमध्ये तो पिकतोही. पण फळ भरतं ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, आणि टिश्यू कल्चरचं एक रोप हजारोंच्या घरात. प्रयोग म्हणून दोन-चार झाडं ठीक, कर्ज काढून एकरभर नको.

मूळ मुद्दा निचऱ्याचा. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकता येतात, आमच्या भागात ते कामही झालंय. पण एकट्यानं पाईप टाकून पाणी सोडायचं कुठं? खालच्याच्या रानात सोडलं की भांडण. पाणी शेवटी ओढ्यालाच जायला हवं, आणि ओढा गाळानं, बाभळींनी आणि अतिक्रमणानं भरलेला. इथंच तुमचं रोजगार हमी खातं कामाला येईल. ओढ्याकाठच्या सगळ्या गटांचा एकच आराखडा करा. पहिल्या उन्हाळ्यात ओढा आणि चर मोकळे, मग सामूहिक पाईप, मग एक पावसाळा जमीन धुऊन निघू द्या, आणि पुन्हा तीन फुटांची तपासणी करून मगच रोपं. जलसंपदा खात्याला सोबत बसवा, कारण ते खारं पाणी थेट नदीत गेलं तर खालच्या गावांचं पिण्याचं पाणी बिघडेल. त्याची सोय आराखड्यातच हवी.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्याकडे रोपवाटपाचा कार्यक्रम लावू नका. त्याऐवजी मार्चमध्ये एक अधिकारी आणि एक कुदळ पाठवा, खड्डा आम्ही काढून देतो.

आपला,
कृष्णाकाठचा एक शेतकरी,
मिरज तालुका, जि. सांगली