ओसरीतला खालचा आरसा

आशाताई,

आमच्या ओसरीत जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आरसा टेकवलेला आहे. नवा पाहुणा आला की विचारतोच, हे काय, मांजरासाठी लावला का? माझे सासरे, मामाजी, हसतात आणि पाय उचलून आरशात तळवा दाखवतात. शुगरनं बधिर झालेला तळवा पाहायला तो आरसा तुमच्या सांगण्यावरून आला. तोंडावर आभार मानले की तुम्ही रजिस्टर उघडून दुसराच विषय काढता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

गावच्या आशा सेविका म्हणून तुम्ही तब्येतीच्या चौकशीचा तो लांबलचक फॉर्म घेऊन पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो? तिशीच्या वरच्या सगळ्यांचा भरायचा होता. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर आहे का, इथवर मामाजींनी नीट उत्तरं दिली. मग तुम्ही विचारलंत, हातापायाला मुंग्या येतात का, बधिरपणा वाटतो का. ते ताडकन उठले. "मले काय महारोग झाला का वं?"

त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे बधिरपणाचा प्रश्न घरोघर विचारत फिरतात ते कुष्ठरोगाच्या तपासणीवाले. माझं माहेर वरोऱ्याकडचं. बाबा आमट्यांनी 1949 साली तिथं आनंदवन सुरू केलं, त्यामुळे या रोगाची भीती आम्हाला जरा कमी. पण इकडे दर्यापूरकडे तो शब्द उंबऱ्याच्या आत कुणी येऊ देत नाही. तुम्ही न चिडता म्हणालात, "आबाजी, रोग वेगळा आहे, पण पायाचं होतं ते सारखंच. बसा बरं, डोळे मिटा."

मामाजींना तेव्हा शुगर होऊन नऊ वर्षं झाली होती. गोळी आठवली तर घ्यायची, उपवासाला सोडायची, असा कारभार. तुम्ही त्यांचे दोन्ही पाय पाटावर ठेवले आणि एकेका पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला आपल्या बोटाचं टोक हलकेच टेकवत गेलात. दाबलं नाही, घासलं नाही, नुसता क्षणभर स्पर्श. लागलं की 'हो' म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. दोनदा ते 'हो' म्हणाले. मग गप्प. थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाले, "कर ना वं पोरी, काहून थांबली?"

तुमची सहाही बोटं झाली होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. सहापैकी दोन ठिकाणी जरी कळलं नाही तरी सावध व्हायचं, असं तुम्ही सांगितलंत. इथं तर चार ठिकाणी कळलं नव्हतं.

ताई, मला खरी लाज पुढच्या गोष्टीची वाटते. इतकं डोळ्यांनी पाहूनही आम्ही तुमचं ऐकलं नाही. मामाजींचं म्हणणं एकच, "दुखतच नाही, मंग कायले दवाखाना?" आम्हालाही ते पटलं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असंच आपण जन्मभर समजत आलो.

जानेवारी 2024. थंडी होती, हरभऱ्याला पाणी देऊन ते रात्री घरी आले. पाय गारठले म्हणून मी चुलीवरचं गंजभर पाणी घमेल्यात ओतलं. विचारलं, गरम तर नाही ना? "बरं हाय, अजून टाक." मी टाकलं. सकाळी त्यांच्या उजव्या पायावर तव्यावरच्या पोळीसारखा फोड फुगलेला होता, आणि ते त्याच पायानं न्हाणीपर्यंत चालत गेले होते. पाणी मी ओतलं होतं, ताई. आपलं बोट बुडवून पाहायची बुद्धी मला झाली नाही.

तालुक्याच्या एका डॉक्टरांनी मलम लावलं, पट्टी बांधली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. शुगर किती आहे हे विचारलं नाही, दुसरा पाय उघडून पाहिला नाही. दहाव्या दिवशी करंगळी काळी पडली. मोठ्या दवाखान्यात ती काढावी लागली. कापसाचे पैसे त्यात गेले, ते जाऊ द्या.

तेव्हा तुमचा संप सुरू होता. तरीही तुम्ही संध्याकाळी यायचात. मी कामावर नाही, शेजारीण म्हणून आले, असं म्हणायचात. पट्टी बदलणं सिस्टरच्या हाताखाली शिकून घेतलं होतंत, ते मला शिकवलंत. एकदा मी रडायला लागले, तर पाण्याबद्दल एक शब्द न बोलता तुम्ही मला घमेल्यात कोपर बुडवायला लावलंत. पाण्याचा अंदाज कोपरानं घ्यायचा, आणि तो घरातल्या दुसऱ्यानं घ्यायचा, ज्याचा पाय आहे त्यानं नाही. आता आमच्याकडे आंघोळीच्या पाण्यातही आधी माझं कोपर जातं.

त्या दिवसांत तुमच्याकडून कळलं की शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा आधी मरतात. घाम आणणाऱ्या नसाही त्यातच जातात, म्हणून कातडी कोरडी पडते आणि टाचा फुटतात. रक्त नीट पोचत नाही, म्हणून जखम भरत नाही. त्यात खर्रा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात हे तुम्ही मामाजींना ओलीताच्या नळीला गाठ मारून दाखवलंत. खर्रा काही पूर्ण सुटला नाही, खोटं कशाला सांगू. दिवसाला चार होते, आता एकावर आलाय आणि तोही लपून.

पुढे मी थोडं वाचलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन होते. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानं सडून गळतात असं तोवर मानत. त्यांनी दाखवलं की वेदनाच कळत नाही म्हणून माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा भाजतो, कापतो, आणि बोटं जातात ती त्या जखमांनी. मामाजींना हे वाचून दाखवलं. बराच वेळ बंगईवर बसून राहिले. मग म्हणाले, "त्या पोरीचं बराबर होतं." आज ते मऊ रबराची एम.सी.आर. चप्पल घालतात, तीही आधी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठीच वापरात आली.

अंगणवाडीत तुम्ही घेतलेली ती दुपारची बैठक मात्र मी विसरणार नाही. अकरा म्हातारे, सगळे शुगरवाले, आणि दोघांना वाटत होतं की गोळ्या वाटणार आहेत. तुम्ही कागदी खोक्याचा पुठ्ठा काढलात, प्रत्येकाला त्यावर उभं करून पायाची आकृती काढलीत, कापलीत आणि ज्याची त्याच्या चप्पलबुटात सरकवायला सांगितलीत. अकरापैकी सात पुठ्ठे आत जाताना दुमडले. सात जण वर्षानुवर्षं पाय कोंबून वावरात जात होते आणि एकालाही टोचत नव्हतं! मग सगळ्यांना चपला उलट्या करून झटकायला लावल्यात. एका बुटातून सराटा पडला, एकातून पऱ्हाटीच्या खुंटाचा तुकडा. त्यानंतर तुम्हाला भाषण करावं लागलं नाही. नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका, तेल लावा पण बोटांच्या बेचक्यात नको, पायातलं कुरूप ब्लेडनं तासू नका, नवी चप्पल संध्याकाळी घ्या कारण तोवर पाय सुजलेला असतो, हे सगळं त्यांनीच विचारून घेतलं. सासूबाईंनी टाचेच्या भेगेत घालायला बिबा तापत ठेवला होता, तो त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतः उकिरड्यावर फेकला. चांगल्या कातडीवरही फोड आणतो तो, ते त्यांना ठाऊक होतंच.

आणि तो नवस. दवाखान्यात असताना मामाजी गजानन महाराजांना बोलले होते, पाय वाचला तर शेगावला अनवाणी पायी येईन. पाय वाचवायचा नवस पायावरच! घरात कुणाची बोलायची हिंमत नव्हती. तुम्ही वाद घातला नाहीत. म्हणालात, "आबाजी, पाय महाराजांनी दिला, तो मोडून परत न्यायचा का? चालत जा, पण चपलेनं. देवळात काढा, आत पांढरे मोजे राहू द्या." पांढरेच का, ते मला तेव्हा कळलं नाही.

2025 च्या प्रकट दिनाला आम्ही गेलो. बहुतेक वाट एसटीनं, शेवटचे चार किलोमीटर चालत. दर्शन झालं, परत येताना स्टँडवर बसलो आणि मामाजींनी सवयीनं पाय उचलला. डाव्या मोज्यावर कुंकवाच्या टिकलीएवढा लाल डाग. अंगठ्याखाली काचेचा कण रुतला होता, त्यांना पत्ता नव्हता. काळा मोजा असता तर आम्हालाही लागला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात होतो, डॉक्टरांना आल्या आल्या शुगरचं सांगितलं. अठराव्या दिवशी जखम भरली.

ताई, या घरात मी चौदा वर्षं सून आहे. दर दसऱ्याला, दर पाडव्याला मामाजींच्या पाया पडले. त्यांचा तळवा मी पहिल्यांदा पाहिला तो तुम्ही हातात घेतलात तेव्हा.

एका फॉर्ममागे तुम्हाला 10 रुपये मिळतात असं तुम्ही एकदा हसत सांगितलं होतंत. पट्टी, पुठ्ठे, कोपर आणि नवस यांचा रकाना त्यात नव्हता.

एक राहिलंच. परवा तुम्ही ओसरीत चप्पल काढून आत आलात, तेव्हा मामाजींनी आरशात पाहिलं. तुमच्या डाव्या टाचेला खोल भेग आहे. दिवसभर आमच्याच वस्त्या तुडवता आणि चप्पल तीच, पट्टा तारेनं बांधलेली. त्यांनी खोबरेल तेलाची बाटली कोनाड्यात काढून ठेवली आहे आणि मला बजावलंय, "आली का पहिले तिले पाटावर बसव." तर येताना वेळ काढून या.

तुमची,
मामाजींची सून