मदत मागण्याचेच बळ नसते तेव्हा

मानसिक आरोग्यावरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. ‘त्रास होत असेल तर न लाजता मदत मागा’ हा त्यातील सल्ला योग्य असला, तरी अर्धाच आहे. नैराश्याचा पहिला घाला पडतो तो पुढाकारावर. फोन लावणे, डॉक्टरांची वेळ ठरवणे हेच डोंगराएवढे वाटू लागते. अशा माणसाने स्वतःहून यावे म्हणणे, म्हणजे पाय मोडलेल्याला दवाखान्यापर्यंत चालत बोलावणे.

म्हणून लक्ष ठेवायचे ते सोबतच्यांनी. पहाटे तीनलाच उडणारी झोप, अर्धे टाकलेले जेवण, आंघोळीचीही टाळाटाळ, आवडत्या गोष्टींतून गेलेला रस असे बदल दोन आठवडे टिकले, तर त्याला आळस म्हणून सोडून देऊ नये. ‘एवढं काय झालंय तुला?’ या प्रश्नाने (तो बहुधा मायेपोटीच येतो) माणूस अधिकच गप्प होतो. ‘मी वेळ घेतली आहे, सोबत येते,’ हे जास्त उपयोगी पडते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने धोका वाढत नाही, असे संशोधन सांगते.

औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि ती सोडून द्यावीशी वाटतात ती नेमकी याच काळात. त्यामुळे ही सोबत पहिल्या भेटीनंतरही लागते. पुढील लेखात घरच्यांसाठीही काही मजकूर द्यावा, ही विनंती.

– एक वाचक